उजेड आला, मजुरीचं काय?

गेल्या वर्षभरात आपल्या काही गटांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आमच्याकडे आला आहे. गावात कुणीतरी येतं. कधी कंपनीच्या सामाजिक निधीतून, कधी शहरातल्या एखाद्या संस्थेकडून, कधी परदेशातून आलेल्या उत्साही तरुण मुलामुलींना सोबत घेऊन. बैठक होते. तुमच्या गटातल्या पाच बायका आम्हाला द्या, त्यांना सौर दिव्यांचं प्रशिक्षण देतो, असं सांगितलं जातं. मग त्या बायका घरोघर पाहणी करतील, दिवे बसवतील, बिघडले तर दुरुस्त करतील, हप्ते गोळा करतील. पगाराचं विचारलं की उत्तर मिळतं, हे स्वयंसेवेचं काम आहे. थोडं कमिशन सुटेल आणि मुख्य म्हणजे बायकांचं सक्षमीकरण होईल. अशा वेळी हो म्हणावं की नाही, असं गट विचारताहेत.

प्रश्न वरवर लहान दिसतो. पण त्यात दोन मोठे प्रश्न दडलेले आहेत. एक तंत्रज्ञानाचा. यंत्र कुणाच्या हातात आणि त्याचं ज्ञान कुणाकडे? दुसरा श्रमाचा. बाईने केलेल्या कामाला काम म्हणायचं की सेवा? या दोन्ही प्रश्नांवर स्त्रीचळवळीने गेली चाळीस-पन्नास वर्षं डोकं फोडलं आहे. तेव्हा सौर दिव्याचा प्रश्न 'पर्यावरणवाल्यां'वर सोपवून आपल्याला मोकळं होता येणार नाही. म्हणून या वेळचं संपादकीय या विषयावर. उत्तर आमच्याकडे तयार नाही. पण जगात इतर ठिकाणच्या बायकांनी हे काम कसं केलं, त्यात काय कमावलं नि काय गमावलं, ते समोर ठेवलं तर आपल्याला आपलं ठरवता येईल.

सुरुवात लांबून, मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वापासून करू. १९७९ च्या क्रांतीनंतर या लहानशा देशात जगभरातून स्वयंसेवक आले. कापूस नि कॉफी वेचायला आले, शिकवायला आले, काही वीज आणायला आले. बेन लिंडर हा अमेरिकन इंजिनिअर त्यांतलाच. उत्तरेकडच्या डोंगरी खेड्यांत ओढ्याच्या पाण्यावर छोटी वीजकेंद्रं उभी करण्याचं काम तो स्थानिक लोकांबरोबर करत होता. अमेरिकेच्या पैशावर पोसलेल्या काँट्रा बंडखोरांनी २८ एप्रिल १९८७ रोजी त्याला गोळ्या घालून मारलं. तो २७ वर्षांचा होता. त्याच हल्ल्यात सर्जिओ हर्नांदेझ आणि पाब्लो रोसालेस हे त्याचे दोन निकाराग्वन सहकारीही मारले गेले. लिंडरवर जगभर लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. पण त्या दोघांची नावं किती जणांना ठाऊक आहेत? बाहेरून आलेला स्वयंसेवक दिसतो आणि त्याच्या शेजारी काम करणारा गावातला माणूस दिसत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवू. पुढे ती पुन्हा येणार आहे.

युद्ध संपलं तरी होंडुरासच्या सीमेलगतच्या जमिनीत सुरुंग राहिले. कुणाचे पाय गेले, कुणाचे हात. १९९० च्या दशकाच्या शेवटी मानाग्वाच्या अभियांत्रिकी विद्यापीठातल्या 'ग्रुपो फेनिक्स' या गटाने तोतोगाल्पा भागातल्या सुरुंगग्रस्तांना सौर तंत्रज्ञान शिकवायला सुरुवात केली. सुझन किनी या तिथे शिकवणाऱ्या अमेरिकन बाईचा त्यात पुढाकार होता. प्रशिक्षण सुरू झालं अपघातग्रस्तांसाठी, पण टिकून राहिल्या त्या मुख्यतः बायका. साबाना ग्रांदे या खेड्यातल्या या बायकांनी सूर्यचुली बनवल्या, पॅनेल जोडायला शिकल्या, मातीच्या विटा पाडून स्वतःचं सौर केंद्र बांधलं आणि पुढे सहकारी संस्था काढली. 'तोतोगाल्पाच्या सौर बायका' याच नावाने त्या ओळखल्या जाऊ लागल्या.

इथे दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली म्हणजे, बाहेरचे विद्यार्थी आणि स्वयंसेवक इथे येत ते गावातल्या घरांत राहत, आणि राहण्याजेवण्याचे पैसे त्या घराला देत. पाहुण्याला वाढणं, त्याचं अंथरूण-पांघरूण बघणं हे बाईचं काम फुकटात धरलं गेलं नाही. दुसरी म्हणजे, हे पाहुणे शिकवायला जितके येत, तितकेच शिकायलाही येत, आणि शिकवणाऱ्यांत चूल नि शेत सांभाळणाऱ्या बायका असत. सहकार्य हा शब्द आपण सहज वापरतो. त्याचा अर्थ एवढाच, की दोन्ही बाजूंनी घ्यायचं आणि दोन्ही बाजूंनी द्यायचं. नाहीतर त्याला दान म्हणावं. दानाला आमची ना नाही, पण त्याला सहकार्याचं नाव देऊ नये.

आता जवळ येऊ. राजस्थानात अजमेर जिल्ह्यात तिलोनिया नावाचं गाव आहे. तिथे १९७२ मध्ये बंकर रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली संस्था आज 'बेअरफूट कॉलेज' म्हणून जगाला माहीत आहे. इथे गावातल्या, फारशा न शिकलेल्या किंवा मुळीच न शिकलेल्या बायका सौर यंत्रणा जोडायला, बसवायला आणि दुरुस्त करायला शिकतात. नुसत्या राजस्थानच्या नव्हे. आफ्रिका, लॅटिन अमेरिका, पॅसिफिकमधली बेटं, अशा कुठकुठून आज्या आणि आया इथे सहा महिने राहून गेल्या आहेत. २००८ पासून भारत सरकारने त्यांच्या प्रवासाचा नि प्रशिक्षणाचा खर्च उचलायला सुरुवात केली. एकीची भाषा दुसरीला कळत नाही, लिहितावाचता येत नाही. मग तारांचे रंग, भागांवरचे आकडे, हातवारे आणि पुन्हापुन्हा करून बघणं एवढ्या सामग्रीवर शिक्षण चालतं. सहा महिन्यांनी बाई सर्किट भरते, चार्ज कंट्रोलर जोडते, दिव्यातला दोष शोधून काढते.

बायकाच का, आणि त्याही वयस्क का? पुरुषांना शिकवलं की ते प्रमाणपत्र घेऊन नोकरीसाठी शहर गाठतात, आजी गावातच राहते, असं संस्थेचं म्हणणं. यातला अनुभव खरा असेल. पण आपण थोडं थांबून विचार करायला हवा. बाई गाव सोडून जाणार नाही, हा तिचा गुण की तिची कोंडी? तिच्या पायांत घर, शेत, नातवंडं आणि नवऱ्याची परवानगी यांच्या बेड्या आहेत म्हणून ती 'भरवशाची' ठरत असेल, तर त्या बेड्यांवर प्रकल्प उभा करून आपण त्या बेड्या पक्क्या तर करत नाही ना? तिला हवं तर हे कौशल्य घेऊन तालुक्याला दुकान टाकता आलं पाहिजे. ती गावात राहिली तर ती तिच्या मर्जीने राहिली पाहिजे.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. २०१२ मध्ये आलेल्या 'सोलर मामाज' या माहितीपटात जॉर्डनमधल्या वाळवंटातली एक बदाऊनी बाई दिसते. चार मुलींची आई, नवऱ्याची दुसरी बायको, शिक्षण अर्धवट. ती तिलोनियाला येते, शिकू लागते, आणि मग घरून धमकी येते: परत आली नाहीस तर तलाक देईन, मुली काढून घेईन. ती परत जाते, भांडते आणि पुन्हा तिलोनियाला येऊन शिक्षण पुरं करते. आपल्यापैकी ज्या कार्यकर्त्या शिबिराला येताना घरात भांडण करून आल्या आहेत त्यांना ही बाई परकी वाटणार नाही. बाईच्या हातात पेचकस दिला की क्रांती होत नाही. त्या हाताला घरात मागे ओढणारे हात असतात, आणि त्यांच्याशी लढायला संघटना लागते. ती संघटना कोणताही सौर प्रकल्प सोबत आणत नाही. ते काम आपलं.

तिलोनियाची आणखी एक गोष्ट आहे, जी सौर दिव्यांच्या कौतुकात सहसा सांगितली जात नाही. १९८१ साली तिथून जवळच हरमाडा गावाजवळ दुष्काळी कामावर रस्ता बांधला जात होता. कामावर गावातल्या दलित बायका मोठ्या संख्येने होत्या. तेव्हा किमान मजुरी दिवसाला ७ रुपये होती. पण टोळीने किती खोदलं याचं माप काढून मजुरी ठरे आणि बायकांच्या हातात त्याहून कमी पडे. नौरतीबाई या मजूर बाईच्या पुढाकाराने बायकांनी ती मजुरी घ्यायला नकार दिला. प्रकरण तिलोनियाच्या संस्थेमार्फत सर्वोच्च न्यायालयात गेलं. राजस्थान सरकारचं म्हणणं असं, की ही दुष्काळातली मदत आहे, मदतीच्या कामाला किमान वेतन कायदा लागू नाही. जानेवारी १९८३ मध्ये न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही घटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली सक्तीची मजुरीच आहे, मग त्या कामाला तुम्ही मदत म्हणा नाहीतर आणखी काही, असा त्या निकालाचा आशय. नौरतीबाई पुढे लिहायला शिकल्या, संगणक शिकल्या आणि २०१० मध्ये हरमाड्याच्या सरपंच झाल्या.

मैत्रिणींनो, आम्हाला वाटतं, आज विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या निकालात आहे. 'ही मदत आहे' म्हणून तेव्हा मजुरी कापली. आज 'ही स्वयंसेवा आहे', 'हे सक्षमीकरण आहे' म्हणून कापतात. शब्द बदलला, हिशेब तोच. आपल्याकडे आशा ताईंना सरकार स्वयंसेविकाच म्हणतं आणि देतं तो कामागणिक मोबदला. अंगणवाडी ताईंना मिळतं ते मानधन. मान आणि धन दोन्ही शब्द त्यात आहेत, पण दोन्ही गोष्टी पुऱ्या मिळत नाहीत. अंगणवाडी ताईंना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं ते २०२२ साली. आता सौर दिव्यांच्या क्षेत्रात अशाच आणखी एका स्वयंसेविकेची भर पडत असेल, तर आपण आत्ताच, सुरुवातीलाच बोललं पाहिजे. एकदा रूढ झालं की पुढची वीस वर्षं मोर्चे काढण्यात जातात.

तिलोनियाच्या पद्धतीत या प्रश्नाला निदान एक उत्तर आहे. गावाने आधी समिती नेमायची. प्रत्येक घर रॉकेल, मेणबत्त्या, बॅटरीचे सेल यांवर महिन्याला जेवढा खर्च करत होतं, त्या अंदाजाने दरमहा वर्गणी द्यायची. त्या पैशातून दिवे बसवणाऱ्या बाईला दरमहा ठरलेली रक्कम द्यायची आणि सुट्या भागांसाठी काही बाजूला ठेवायचं. म्हणजे तिचं काम हे गावाने विकत घेतलेलं काम आहे, उपकार नाही. हे सर्वत्र नीट चालतं असा आमचा दावा नाही. समिती पुरुषांच्या ताब्यात गेली, पीक बुडालं आणि वर्गणी थांबली, तर सर्वांत आधी बंद होते ती या बाईची रक्कम. पण तत्त्व बरोबर आहे.

आता थोडं दवाखान्यात जाऊ, कारण उजेडाचा प्रश्न बाईच्या जिवाशी सर्वांत जवळून भिडतो तो बाळंतपणात. २००८ मध्ये लॉरा स्टॅचेल ही अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ उत्तर नायजेरियातल्या एका रुग्णालयात अभ्यासाला गेली होती. वीज गेली की सिझेरियन थांबे, रक्त साठवायला शीतपेटी चालत नसे, रात्री आलेल्या बाईला कंदिलाच्या उजेडात तपासावं लागे. बाई मरते ती केवळ रक्तस्रावाने नव्हे. रक्तस्राव दिसला नाही म्हणून मरते, डॉक्टरला वेळेत निरोप गेला नाही म्हणून मरते. स्टॅचेलच्या नवऱ्याने, हॅल ॲरॉन्सन यांनी, या रुग्णालयासाठी सौर यंत्रणा आखली आणि त्यातून पुढे सौर पेटी तयार झाली. एका पिवळ्या पेटीत दिवे, बॅटरी, फोन चार्ज करायची सोय आणि बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र. २०१० मध्ये 'वुई केअर सोलर' ही संस्था झाली आणि अशा हजारो पेट्या आफ्रिका-आशियातल्या प्रसूतिगृहांत गेल्या.

याचं आम्हाला मनापासून मोल आहे. सुईण असलेल्या बाईला एका हाताने टॉर्च धरून किंवा मोबाईल दातांत धरून बाळंतपण करावं लागू नये, यासाठी जे जे होईल ते करावं. पण प्रश्न तरी उरतोच. दवाखान्याला वीज देणं हे सरकारचं कर्तव्य. स्वयंसेवकांची पेटी आली म्हणून सरकारला सुटका मिळता कामा नये. पेटी ही आजच्या रात्रीची सोय आहे. उद्याची मागणी दवाखान्याच्या अंदाजपत्रकात विजेची, दुरुस्तीची आणि नर्सबाईच्या जागेची तरतूद, ही आहे. पेटी स्वीकारताना ही मागणी त्याच दिवशी त्याच कागदावर लिहून दिली पाहिजे. नाहीतर मागणीचं रूपांतर आभारप्रदर्शनात होतं.

तिसरा अनुभव बांगलादेशचा. 'ग्रामीण शक्ती' ही संस्था १९९६ मध्ये सुरू झाली. २००३ मध्ये 'इडकॉल' या सरकारी वित्तसंस्थेने जागतिक बँकेच्या मदतीने घरगुती सौर संचांची मोठी योजना आणली. थोडी रक्कम आधी, बाकीची दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांनी. पहिलं उद्दिष्ट होतं ५० हजार घरांचं, तेही २००८ पर्यंत. ते तीन वर्षं आधीच पुरं झालं. पुढे ही संख्या ४० लाखांच्या वर गेली. जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर हे काम दुसरीकडे झालेलं नाही. गावोगाव तंत्रकेंद्रं निघाली, त्यांत बायका इंजिनिअर म्हणून काम करू लागल्या. गावातल्या मुलींना चार्ज कंट्रोलर आणि दिवे जोडायचं शिक्षण मिळालं, आणि त्या नगावर कमाई करू लागल्या.

मग दुसरा अंक सुरू झाला. साधारण २०१३-१४ नंतर सरकारी विजेच्या तारा खेड्यांत वेगाने पोचू लागल्या. एका सरकारी योजनेतून काही संच फुकटही वाटले गेले. शेजारी फुकट मिळत असताना हप्ता कोण भरणार? विक्री कोसळली, वसुली थांबली, कर्जं अडकली. विक्रीवर आणि वसुलीवर ज्यांचे रोजगार उभे होते त्यांचं काम सुटलं. तारा गावात आल्या याचं दुःख करायचं कारण नाही. वीज हा हक्कच आहे. पण बायकांच्या रोजगाराचं पुढे काय, हे योजना आखताना कुणी कागदावर मांडलं होतं का? शिकलेल्या मुलींना तारेच्या विजेच्या कामात, मीटरच्या, वायरिंगच्या, दुरुस्तीच्या कामात घ्यायचं कुणाला सुचलं? उजेडाचा मार्ग बदलला की बाई पुन्हा बाहेर. हे आपण गिरण्यांत पाहिलं, शेतीच्या यांत्रिकीकरणात पाहिलं.

बांगलादेशाने आणखी एक धडा दिला, बॅटरीचा. सौर पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतं. शिशाची बॅटरी पाच वर्षं चालली तरी खूप. कुठल्याही गावातल्या बंद पडलेल्या दिव्याकडे पाहा, वर पॅनेल धडधाकट असतं आणि खाली बॅटरी मेलेली असते. नवी बॅटरी कुणी घ्यायची याचा पैसा कुठेच ठेवलेला नसतो. आणि जुनीचं काय होतं? ती भंगारात जाते, उघड्यावर फोडली जाते, शिसं भट्टीत वितळवलं जातं. ते शिसं मातीत जातं, धुरात जातं, पोरांच्या रक्तात जातं, गरोदर बाईच्या शरीरातून बाळाच्या शरीरात जातं. स्वच्छ ऊर्जेचा हा मळ गरिबांच्या वस्तीत साठतो. म्हणून दिवा देणाऱ्याला पहिल्याच बैठकीत विचारायचं, की बॅटरी परत कोण नेणार?

आता आपल्या दारात येऊ. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत बायकांनी पुनर्वसनाच्या कामात जी उडी घेतली, त्यातून 'स्वयं शिक्षण प्रयोग' हे काम वाढलं. प्रेमा गोपालन यांनी ते २०२२ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत उभं ठेवलं. या कामातल्या सखींनी गावोगाव सौर दिवे आणि धूर न करणाऱ्या चुली विकल्या. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक पुरस्काराने त्याची दखलही घेतली गेली. तिथे बाई ही स्वयंसेविका नव्हती, व्यापारी होती, नफा-तोटा तिचा होता. कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणाऱ्या अगरिया बायकांचा मोठा खर्च पंपाच्या डिझेलवर जायचा. 'सेवा' संघटनेच्या आधाराने त्यांनी कर्ज काढून सौर पंप घेतले. डुंगरपूर जिल्ह्यातल्या आदिवासी बायका मुंबईच्या आयआयटीच्या साहाय्याने आधी शाळकरी मुलांसाठी सौर दिवे जोडायला शिकल्या आणि पुढे त्यांनी 'दुर्गा' नावाने पॅनेल बनवणारा कारखानाच काढला. त्याची मालकी बचत गटांच्या संघांकडे आहे. आयआयटीतले शिक्षक आले, शिकवलं, पण मालकी बायकांकडे राहिली. आम्हाला सहकार्याची हीच कसोटी वाटते. बाहेरचा माणूस उद्या निघून गेला तर वस्तू कुणाच्या नावावर आहे?

आणि 'नावावर' म्हटलं की आपली जुनी दुखरी जागा समोर येते. सातबारा. आज महाराष्ट्रात सौर कृषिपंपाची मोठी योजना चालू आहे. सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के, बाकीचं अनुदान. नाव छान आहे, 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. पण मागायला सातबारा लागतो. मागेल 'त्याला' आहे, 'तिला' नाही, हे नुसतं व्याकरण नव्हे. १९८९-९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा काही गावांत पुरुषांनी बायकोच्या नावे जमिनी केल्या. बहुतेक गावांत केल्या नाहीत. शेतात राबते ती, पाणी धरते ती, पण पंप येतो तो त्याच्या नावाने. घराच्या छपरावर पॅनेल बसवायच्या २०२४ च्या केंद्रीय योजनेचंही तसंच. छप्पर ज्याचं त्याला अनुदान. परित्यक्ता बाई भावाच्या ओसरीवर राहते, विधवा दिराच्या घरात, शहरातली घरकामगार भाड्याच्या खोलीत. यांना छप्पर कुठलं? सूर्य सर्वांचा आहे हे खरं. पण तो उतरतो कुणाच्या तरी मालकीच्या जागेवर.

तेव्हा, हो म्हणावं की नाही? आमचं मत असं आहे, की हो म्हणावं, पण तोंडी नव्हे, लेखी. आणि काही प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावरच.

बाईच्या कामाचे तास किती आणि दर तासाला किती रुपये? कमिशन असेल तर ते ठरलेल्या मजुरीच्या वर, तिच्या ऐवजी नव्हे. प्रशिक्षणाच्या दिवसांचा रोज बुडतो, तो कोण देणार आणि त्या दिवसांत तिची पोरं कोण बघणार? प्रशिक्षण फक्त दिवे पुसण्यापुरतं आणि हप्ते गोळा करण्यापुरतं आहे, की सर्किट उघडून दोष काढण्यापर्यंत? शिकल्यावर प्रमाणपत्र तिच्या नावाचं मिळणार का, ज्यावर तिला दुसरीकडे काम मिळेल? हत्यारांची पेटी कुणाच्या मालकीची? देखभालीचा निधी कुठल्या खात्यात आणि सह्या कुणाच्या? निम्म्याहून अधिक सह्या बायकांच्या नसतील तर तो गावाचा निधी नव्हे. बॅटरी संपल्यावर काय? तारेची वीज आल्यावर काय? पहिला दिवा कुणाच्या घरी लागणार? तो सरपंचाच्या अंगणात न लागता वस्तीच्या टोकाला, एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरी लागावा, अशी अट घालायला आपण लाजू नये. आणि शेवटचं, बाहेरून आलेल्या पाहुण्यांचं जेवणखाण कोण करणार आणि त्याचे पैसे कोण देणार?

जे मित्रमैत्रिणी बाहेरून या कामाला येतात, त्यांच्याशी आमचं वैर नाही. मुंबई-पुण्याची इंजिनिअर झालेली मुलगी सुट्टी काढून पाड्यावर येते, वायरिंग शिकवते, हे आम्हाला हवंच आहे. तिने अजून यावं. फक्त येताना एक करावं. परत जाऊन आपल्या अहवालात 'आम्ही गाव उजळलं' असं लिहिण्याआधी, त्या कामात खांद्याला खांदा लावून राबलेल्या बायकांची नावं लिहावीत, आणि त्यांना किती पैसे मिळाले तेही लिहावं. निकाराग्वातल्या त्या दोघा विसरलेल्या सहकाऱ्यांची आठवण आम्ही सुरुवातीला काढली ती यासाठी.

ज्या गटांनी आम्हाला विचारलं त्यांना आम्ही एवढंच सांगतो, की बैठक पुन्हा बोलवा. या वेळी कागद तुमच्याकडून जाऊ दे. वरचे प्रश्न त्यावर लिहा, प्रत्येकासमोर उत्तरासाठी जागा सोडा आणि खाली त्यांची सही घ्या. ज्यांना खरोखर सोबत काम करायचं आहे ते सही करतील. जे करणार नाहीत त्यांच्याशिवायही सूर्य उद्या सकाळी उगवणारच आहे.

काय झालं ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात तुमच्या अनुभवांना जागा राखून ठेवली आहे.

– संपादक मंडळ